गुरुत्वाकर्षण शिकवायचे तर खाडीकाठी

राज्याच्या अभ्यासक्रमात भरती-ओहोटी सातवीच्या भूगोलात येते आणि गुरुत्वाकर्षण दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या धड्यात. मध्ये तीन वर्षे जातात, विषय बदलतो, बहुधा शिक्षकही बदलतात. त्यामुळे पेणच्या खारेपाटातला किंवा नागोठण्याचा विद्यार्थी न्यूटनचा नियम पाठ म्हणतो, सूत्रात आकडे घालून उदाहरण सोडवतो. पण धरमतरच्या खाडीत रोज दोनदा चढणारे पाणी त्याच नियमाने चढते, हे त्याच्या ध्यानात येईलच असे नाही. ही ताटातूट थांबवली पाहिजे. खाडीकाठच्या शाळांत गती आणि गुरुत्वाकर्षण यांची सुरुवात पाण्याच्या मोजणीने व्हावी आणि सूत्र तिच्यामागून यावे, असे माझे मत आहे.

मोजणीला फारसे काही लागत नाही. काठावरच्या पक्क्या खांबावर किंवा उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवाव्यात आणि दर अर्ध्या तासाने पाण्याची पातळी वहीत लिहावी. भरतीपासून ओहोटीपर्यंत सरासरी सव्वासहा तास जातात, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास दुपारची भरती आणि संध्याकाळची ओहोटी शाळेच्या एका दिवसात जवळजवळ पुरी बसते. आकडे आलेखावर मांडले की पाणी सारख्या वेगाने उतरत नाही, हे लगेच दिसते. भरतीच्या टोकाला ते क्षणभर थबकल्यासारखे होते, मग वेग घेते, मध्यावर सर्वांत भराभर उतरते आणि ओहोटीजवळ पुन्हा मंदावते. वेग म्हणजे आलेखाचा चढ-उतार आणि वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण, ही व्याख्या फळ्यावरून उतरवून घेण्यापेक्षा इथे स्वतःच्या आकड्यांतून हाती लागते. नववीच्या पहिल्याच धड्यातले गतीचे नियम यानंतर शिकवले, तर शिक्षक कशाविषयी बोलत आहेत हे मुलांना आधीच ठाऊक असेल.

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. हा हिशेब श्रद्धेने पाठ करण्याची गरज नाही आणि जुना म्हणून टाकून देण्याचीही गरज नाही. तो तपासता येतो. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला सरासरी 48 मिनिटे; पाऊणपटीने मात्र 45 मिनिटेच धरली जातात. अष्टमीपर्यंत हा फरक 24 मिनिटांचा होतो आणि पौर्णिमेला पाऊण तासाचा. शिवाय खाडीच्या मुखापासून पाणी आत पोहोचायला वेळ लागतो, तो वेगळाच. परंपरेतला नियम कुठवर बरोबर आणि कुठून ढिला पडतो, हे मुलांनी स्वतः काढले तर वैज्ञानिक वृत्तीवरच्या निबंधापेक्षा तो धडा मोठा ठरेल.

असाच एक धडा गॅलिलिओकडून घेता येतो. उतरत्या फळीवरून गोळे सोडून गतीचे नियम शोधणारा हा थोर प्रयोगकर्ता भरतीच्या बाबतीत चुकला. पृथ्वीच्या फिरण्याने समुद्र हिंदकळतो, असे त्याने 1632 च्या आपल्या ग्रंथात मांडले आणि चंद्राचा संबंध नाकारला. त्याच्या मूळ युक्तिवादातून दिवसाला एकच भरती निघत होती. दुसरीसाठी त्याला समुद्राच्या आकाराचा आधार घ्यावा लागला. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ खाडीवर जाऊन दोन भरत्या लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत त्या युक्तिवादाला आव्हान देणारा पुरावा असतो. अधिकार कितीही मोठा असो, निकाल निरीक्षणाचा.

दोन भरत्यांचे कारण न्यूटनने 1687 मध्ये दिले. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला ओढ थोडी जास्त असते आणि पलीकडच्या बाजूला थोडी कमी. भरती येते ती या फरकामुळे, म्हणून समुद्र दोन्ही बाजूंना फुगतो. सूर्य चंद्राच्या सुमारे 2 कोटी 70 लाख पट जड आणि सुमारे 390 पट लांब आहे. त्या वस्तुमानाला 390 ने दोनदा भागले की सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या जवळपास 178 पट निघते. फरकाच्या हिशेबात मात्र तिसऱ्यांदा भागावे लागते आणि उत्तर निम्म्याहूनही कमी येते. म्हणूनच भरतीचा मुख्य सूत्रधार चंद्र आहे. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचा जोर एका रेषेत आला की उधाण, अष्टमीला काटकोनात आला की भांग. दहावीचा विद्यार्थी हा भागाकार सहज करू शकतो आणि त्याचा ताळा खांबावरच्या खुणांशी घालू शकतो.

खारेपाटात या ज्ञानाला पोटापाण्याचाही संदर्भ आहे. खारबंदिस्तीची उघाडी भरतीचे पाणी दारावर रेलले की बंद होते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. एक चौरस मीटरच्या दाराचा मध्य पाण्याखाली दोन मीटर असेल, तर त्यावर सुमारे दोन टन वजनाएवढा रेटा येतो. बांधाला खांड जाऊन भातशेतीत खारे पाणी शिरते, तेव्हा हाच रेटा काम करत असतो. बांध किती उंच हवा आणि उधाणाच्या कोणत्या दिवसांत त्यावर लक्ष ठेवायचे, याचा विचार उद्या याच मुलांना करायचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की भरती हे फार गुंतागुंतीचे प्रकरण आहे आणि प्रयोग साधा असावा. आक्षेपात तथ्य आहे. खुल्या महासागरात चंद्र-सूर्याने पाणी जेमतेम अर्धा मीटर वर-खाली व्हावे, पण मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. ही वाढ उथळ समुद्राची आणि किनाऱ्याच्या आकाराची आहे. नुसत्या खाडीवरून न्यूटनचा नियम सिद्ध होत नाही. म्हणून वर्गातला प्रयोग सोडायचा नाही. एक मीटर दोऱ्याला दगड बांधून पन्नास झोके मोजले तर सुमारे 100 सेकंद लागतात आणि त्यावरून गुरुत्वत्वरण बऱ्यापैकी अचूक निघते. मात्र चंद्रामुळे त्यात पडणारा फरक एक कोटीत एका भागाच्या घरातला. तो दोरा-दगडाला कधीच कळणार नाही. तो दाखवायला समुद्रच लागतो. दोन्ही प्रयोग एकमेकांना पुरे करतात.

दुसरा आक्षेप परीक्षेचा: नोंदींना गुण नाहीत. पण आलेख, वेग, त्वरण, दाब, गुरुत्वाकर्षण हे सगळे परीक्षेला असतेच, आणि दोन-तीन पूर्ण दिवस एवढीच या उपक्रमाची मागणी आहे. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर. चिखलात उतरणे, पोहणे, पावसाळ्यात काठावर जाणे पूर्ण वर्ज्य हवे. खुणा मोठ्यांनी रंगवाव्यात, वाचन काठावरच्या सुरक्षित जागेवरून, शिक्षक सोबत असतानाच व्हावे. अशी जागा जिथे नाही, तिथे भरतीच्या छापील तक्त्यांवरून आलेख काढावेत.

रायगड जिल्हा परिषदेने हे एकेका उत्साही शिक्षकावर सोडू नये. मुखाशी रेवस, मध्ये धरमतर आणि वर आंबा नदीवरचे नागोठणे, अशा तीन ठिकाणच्या शाळांनी एकाच दिवशी नोंदी घ्याव्यात आणि एकमेकींना द्याव्यात. भरतीची लाट खाडीतून किती वेगाने आत जाते, हे त्यातून निघेल; कोणत्याही एका शाळेला ते एकटीने काढता येणार नाही. मुंबईत अपोलो बंदरावर 1878 पासून भरतीच्या नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणून समुद्राची पातळी कशी बदलते आहे हे आज सांगता येते. शाळांच्या वह्यांना तेवढी अचूकता नसेल. पण आकडा कसा जन्मतो, त्यात चूक कुठे शिरते आणि तरीही त्यावरून काय ठामपणे म्हणता येते, हे त्या वह्या शिकवतील. विज्ञान शिकण्याचा अर्थ तोच आहे आणि खाडीकाठच्या मुलांना तो नाकारण्याचे एकही सबळ कारण नाही.