जुलैचे शेवटचे दहा दिवस

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी. मिरकरवाडा, हर्णै, करंजा, कुठेही जा, नौकांच्या बुडाची बरीचशी कामे याच ६१ दिवसांत उरकायची असतात आणि वर धो धो पाऊस. मालकाला १ ऑगस्टला समुद्रात जायचे असते, म्हणून यार्डही शेवटच्या दिवसापर्यंत नौका वर ठेवते आणि ती पाण्यात उतरली की काम संपले, असे धरून चालते. या हिशेबालाच आमचा विरोध आहे.

शाफ्टचे उदाहरण घ्या. स्लिपवेवर नौकेचा सगळा भार मोजक्या ठोकळ्यांवर असतो, पाण्यात तोच भार सगळ्या बुडाला तोलला जातो. लाकडी किंवा फायबरची नौका अशा वेळी थोडी तरी वाकतेच. लाकूड तर पाणी पिऊन पुढचे काही दिवस फुगत राहते. म्हणजे जमिनीवर जुळवलेले कपलिंग पाण्यात जुळलेले असेलच असे नाही. नौका तरंगू लागल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या, टाक्यांत नेहमीइतके डिझेल भरा, मग कपलिंगचे बोल्ट सोडा आणि फटीत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज घाला. शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. १५० मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजला फरक ०.१५ मिलिमीटरच्या आत हवा. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. ते टाळले, तर बेअरिंग झिजते, ग्लँड गळते, गिअरबॉक्सची सील जाते आणि मालक इंजिनाला दोष देतो.

रंगाचीही तीच गत. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस जास्त नसेल, तर त्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो. कोकणातल्या जुलैत हे रोजचेच. नुसती ताडपत्री बांधून भागत नाही. आतली हवा तापवावी लागते आणि मोजावीही लागते. पुढच्या हंगामात पापुद्रे सुटले, की रंगाच्या डब्याला नावे ठेवली जातात. घाईत आणखी एक होते: रंगारी बुडाबरोबर जस्ताच्या ॲनोडवरही ब्रश फिरवतो. रंगवलेले जस्त झिजत नाही, आणि त्याच्याऐवजी सुकाणूचे पोलाद झिजते. नौका उतरवण्यापूर्वी फिटरने स्वतः खाली वाकून प्रत्येक ॲनोड बघावा.

घाईत जिवावर बेतते ते वेल्डिंग. डिझेलची टाकी किंवा मासळीचा खण गॅसमीटरने तपासल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नये. कुजक्या पाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड नाकाला थोडाच वेळ कळतो, नंतर वास येईनासा होतो. या बाबतीत कोणतीही सबब आम्हाला मान्य नाही.

म्हणून यार्डचालकांना आमची विनंती आहे. नौका मेमध्येच चालती असताना बघून घ्या: शाफ्ट कुठे थरथरतो, ग्लँड किती ठिबकते, इंजिन किती तापते. तांडेलाला विचारून ते लिहून ठेवा, कारण ओढून वर घेतलेल्या नौकेवर यातले काहीच दिसत नाही. शेवटची नौका २१ जुलैपर्यंत पाण्यात जाईल एवढ्याच नौका घ्या. उतरवल्यानंतरची जुळणी आणि चाचणी बिलात वेगळी लावा, आणि फीलर गेजचे आकडे मालकाच्या हाती लेखी द्या. पुढच्या वर्षी तीच नौका वर आली, की त्या कागदापासून काम सुरू करता येईल.