पहिलीतले पोर या आठवड्यात काय शिकले?

शहपुरा म्हटले की टपाल खात्यातले आपले साथी आधी विचारतात, कोणते शहपुरा? मध्य प्रदेशात एक शहपुरा डिंडोरी जिल्ह्यात आहे आणि एक जबलपूर जिल्ह्यात. आम्ही लिहितो आहोत ते जबलपूरचे. जबलपूर-इटारसी मार्गावरील भिटोनी स्टेशन, जवळच तेल कंपनीचा डेपो, आणि हिवाळ्यात नजर जाईल तिकडे मटाराची शेते. हा मार्ग १८७० मध्ये जी. आय. पी. रेल्वेने पुरा केला. पुढे २००३ पर्यंत जबलपूर मंडळ मध्य रेल्वेत होते आणि मुख्यालय मुंबईला होते. त्यामुळे नागपूर, वर्धा, भुसावळकडची कितीतरी मराठी माणसे बदलीवर या भागात आली आणि इथेच स्थायिक झाली. १ एप्रिल २००३ पासून पश्चिम-मध्य रेल्वे निराळी झाली, तरी ती घरे अजून आहेत. त्या घरांतली लहान मुले कोणत्या शाळेत जातात आणि तिथे काय शिकतात, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

युनियनच्या मासिकात हा विषय कशाला, असे काही साथी म्हणतील. त्यांना आमचे उत्तर सरळ आहे. मुलांचा शिक्षण भत्ता, म्हणजे आपण ज्याला सी.ई.ए. म्हणतो, तो कामगार चळवळीने मागून घेतलेला हक्क आहे. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा दर मुलामागे २,२५० रुपये झाला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२ रुपये ५० पैसे आहे. दोन मुलांपुरता मिळतो. वर्ष संपले की शाळेचा दाखला जोडून अर्ज करायचा. त्या दाखल्यावर एवढेच असते की अमुक मुलगा किंवा मुलगी अमुक वर्षी अमुक वर्गात शिकत होती. दाखला खरा असतो, पैसेही मिळतात. पण मूल शिकले का, हे त्या कागदावर कुठेच नसते, आणि ते विचारणे आपल्या बिल क्लार्कचे कामही नाही. ते काम आईबापांचे आहे आणि संघटनेचे आहे.

आता शाळेकडे पाहू. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' ही मोहीम सुरू केली. मध्य प्रदेशात तिला 'मिशन अंकुर' म्हणतात. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि आकडेमोड करता यावी, हे २०२६-२७ पर्यंत साधायचे असे ठरले. नाव मोठे असले तरी त्यातली उद्दिष्टे साधी आहेत, कोणत्याही बापाला घरी तपासता येण्यासारखी आहेत. पहिली संपताना मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचावे आणि ९९ पर्यंतचे आकडे वाचावे-लिहावे. दुसरी संपताना मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावे, आकडे ९९९ पर्यंत. तिसरी संपताना मिनिटाला किमान ६० शब्द, आकडे ९,९९९ पर्यंत, आणि साधा गुणाकार.

साथींनो, आपल्या मनगटावर घड्याळ आहे, आणि मिनिटाचा हिशेब रेल्वेवाल्याला शिकवावा लागत नाही. दुसरीतल्या मुलीला तिच्या पुस्तकातला धडा देऊ नका, तो तिला पाठ असतो. एखादे गोष्टीचे पुस्तक द्या, नाहीतर वर्तमानपत्रातला मुलांचा मजकूर द्या, आणि एक मिनिट वाचू द्या. शब्द मोजा. मग पुस्तक मिटून विचारा, काय झाले गोष्टीत? सांगता आले तर वाचन झाले. भराभर वाचून काहीच सांगता येत नसेल तर तिने अक्षरे ओलांडली, एवढेच. ही परीक्षा रागावून घ्यायची नाही. घाबरलेले मूल येत असलेलेही वाचत नाही.

देशाची स्थिती काय आहे तेही सांगितले पाहिजे. 'असर' या ग्रामीण पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हा आकडा १६.३ होता, म्हणजे सुधारणा आहे. पण चारपैकी तीन मुले मागे आहेत याला सुधारणा म्हणून ढोल वाजवायचे असतील तर वाजवणाऱ्यांनी वाजवावेत. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनेच घेतलेल्या 'परख' सर्वेक्षणात तिसरीची ५५ टक्के मुले ९९ पर्यंतचे आकडे चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावू शकली. बाकीची ४५ टक्के कुठे अडली?

याचा दोष लगेच मास्तरांवर टाकण्याची एक सवय सगळीकडे आहे. गाडी उशिरा आली की स्टेशन मास्तरावर ओरडणारे प्रवासी आपण पाहतो, तसलाच हा प्रकार. आधी मास्तरांचे रोस्टर पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचे, म्हणजे दिवसाला चार तास. त्याच कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक. वर्ग मात्र पाच. एकाकडे दोन वर्ग, दुसऱ्याकडे तीन. तीन वर्ग असलेल्या मास्तराचे चार तास तीन ठिकाणी वाटले तर एका वर्गाच्या वाट्याला दिवसाकाठी एक तास वीस मिनिटे येतात. उरलेला वेळ मुले फळ्यावरचे उतरवून काढतात. हे सगळे कायद्याप्रमाणे दोन्ही शिक्षक हजर असताना. एक रजेवर गेला, किंवा मतदार यादीच्या कामाला लागला, की काय होते ते शहपुऱ्याच्या आसपासच्या कोणत्याही खेड्यात जाऊन पाहावे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरे बिगरशैक्षणिक काम देऊ नये असे कलम २७ सांगते. पण निवडणुकीच्या नावाखाली किती दिवस जातात याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आणि नेमणुकीचे म्हणाल तर ही कथा आपल्या ओळखीची आहे. मध्य प्रदेशात १९९० च्या दशकात कमी पगाराचे शिक्षाकर्मी आले, त्यांच्यामागून संविदा शिक्षक आले. २००७ मध्ये अध्यापक संवर्ग झाला, आणि लांबलेल्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये या लोकांना राज्याच्या शिक्षण सेवेत घेण्याचा निर्णय झाला. तोपर्यंत दुसरीकडे अतिथी शिक्षक उभे राहिले होते. प्राथमिकच्या अतिथी शिक्षकाचे मानधन महिना ५ हजार होते, ते १० हजार करण्याची घोषणा सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. नावातच पाहुणा. पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो या आठवड्यात कच्च्या राहिलेल्या मुलाला पुढच्या महिन्यात कसा पक्का करणार? रेल्वेतले कंत्राटी साथी आणि टपाल खात्यातले ग्रामीण डाक सेवक यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. स्वस्त माणूस कायमच्या कामावर लावायचा, हे धोरण रुळावर, टपालात आणि शाळेत एकच आहे.

आता मराठी घरातल्या मुलाची निराळी अडचण. शहपुऱ्याला मराठी शाळा नाही, आणि मुलांची संख्या पाहता ती मागणे व्यवहाराला धरून होणार नाही. घटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी कराव्यात असे १९५६ पासून लिहिलेले आहे. मोठ्या शहरात त्याचा आधार घेता येतो, छोट्या स्टेशनवर नाही. तेव्हा मूल शाळेत हिंदी आणि घरी मराठी, असे दोन्हीकडे चालते. लिपी एकच असल्याने अक्षरओळख अडत नाही. 'ळ' तेवढा घरी शिकवावा लागतो. खरी गडबड होते ती आकड्यांत.

आमच्या ओळखीच्या एका ट्रॅकमेंटेनरच्या मुलीने घरी विचारले, "बाबा, उनतीस म्हणजे किती हो?" बाबा म्हणाले, "एकोणतीस." मुलगी गप्प झाली, कारण तिला दोन्ही शब्द येत होते आणि आकडा कोणत्याच शब्दाने दिसत नव्हता. विचार केला तर दोन्ही शब्द एकच सांगतात, तिसाला एक कमी. हे मोठ्याला कळते. सहा वर्षांच्या मुलाला आधी तीस, मग एक वजा, मग लिहायचे २ आणि ९, हा प्रवास लांबचा आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी बोलायचे आणि लिहिताना दोन आधी लिहायचे, हाही घोळ मराठीत आहे आणि हिंदीतही आहे. महाराष्ट्रात बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी जोडीची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेत थट्टा झाली, वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रे छापली. त्या पुस्तकाच्या समितीवर गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की मुलाला आकडा समजावा म्हणून ही वाट, जुने शब्द कुणी बंद केलेले नाहीत. तेलुगू आणि कन्नड मुले दशक आधीच बोलतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. आमच्या मते मंगलाताईंचे बरोबर होते, आणि थट्टा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कधी पहिलीच्या वर्गात बसून पाहिले असेल.

आपल्या धंद्यात ही वाट कधीचीच रुळलेली आहे. कंट्रोलवर गाडी नंबर १२३२१ आपण 'बारा हजार तीनशे एकवीस' असा सांगत नाही, एक-दोन-तीन-दोन-एक असा सांगतो, कारण ऐकणाऱ्याची चूक होऊ नये. टपालात १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांचा पिन आहे. सॉर्टिंगवाला ४८२००१ पाहतो आणि जबलपूरच्या पेटीत टाकतो, ४४०००१ नागपूरच्या. तेव्हा घरी आलेल्या पत्रावरचा पिन मुलाला वाचायला लावा. स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीचा नंबर वाचायला लावा, आणि शेवटचे दोन आकडे घेऊन विचारा, हे दशक कोणते, एकक कोणते? उनतीस आणि एकोणतीस दोन्ही शेजारी लिहून खाली २९ लिहा. यासाठी शिकवणी लावायची गरज नाही आणि खर्चही नाही.

खेड्यातल्या दुसऱ्या मुलांचेही विसरू नये. घरी बुंदेली वळणाची बोली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली हिंदी तेवढीच परकी वाटते, फक्त ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण कागदावर त्याची भाषा 'हिंदी' असते. १९८० च्या दशकात एकलव्य संस्थेने याच राज्यात, बैतूल जिल्ह्यातील शाहपूर आणि हरदा या भागांतल्या सरकारी शाळांत प्राथमिक शिक्षणाचा एक कार्यक्रम चालवला. 'खुशी-खुशी' नावाची त्यांची पुस्तके होती आणि मुलाच्या बोलीतून, बोलण्यातून सुरुवात होती. आज नव्या धोरणात जे मोठ्या अक्षरांत लिहिले जाते त्यातले बरेचसे तेव्हा बैतूलच्या मास्तरांनी करून दाखवले होते.

मागणी काय, ते आता स्पष्ट लिहितो. पहिली ते तिसरीच्या प्रत्येक वर्गाने त्या आठवड्यात काय शिकवायचे आहे ते सोमवारी शाळेच्या दारावर एका कागदावर लावावे. कोणते अक्षर, कोणती गोष्ट, कुठपर्यंत आकडे. गाडीचे वेळापत्रक फलाटावर लावतात, तसे. मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती पालकांना नियमित सभा घेऊन कळवणे हे कलम २४ प्रमाणे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, त्यामुळे यात नवे काही मागत नाही. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. आपल्या क्वार्टरमधल्या बायकांनी त्या समितीत बसावे. लोको पायलट किंवा पॉइंट्समन दुपारच्या सभेला जाऊ शकत नाही हे खरे, म्हणून समितीवर असलेल्या कर्मचाऱ्याची रेस्ट सभेच्या दिवशी द्यावी अशी मागणी मंडळ पातळीवरील बैठकीत ठेवता येते. प्रशासनाला यात एका पैशाचा खर्च नाही.

एक गोष्ट मात्र टाळावी. चौकशीच्या नावाने मास्तरांना दरडावणे. मुलाला वाचता येत नाही म्हणून शाळेत जाऊन आवाज चढवणारे आमच्या पाहण्यात आहेत, आणि घरी त्यांनीच वर्षभर एकही पुस्तक उघडलेले नसते. पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तासांहून जास्त नको, असे २०२० च्या दप्तर धोरणातच म्हटले आहे. तेव्हा 'गृहपाठ का देत नाही' म्हणून भांडू नये. मास्तरांना माणूस कमी पडतो का, अतिथी शिक्षकाचे मानधन थकले आहे का, हे विचारावे आणि थकले असेल तर त्यांच्या संघटनेबरोबर आपल्या शाखेने उभे राहावे.

मटाराचा हंगाम आला की नोव्हेंबरपासून शेतमजुरांची मुले तोडणीला जातात आणि वर्गातला पट उतरतो. त्यात आपली मुले नसतात, पण ती ज्या वर्गात बसतात तो वर्ग तोच असतो. या दिवसांत बुडालेला आठवडा पुन्हा कधी भरून काढणार, हे समितीच्या सभेत विचारून ठेवावे. आणि शाखेच्या पुढच्या मासिक सभेला येताना, ज्यांची मुले पहिली ते तिसरीत आहेत त्यांनी मुलाची वही उघडून शेवटचे भरलेले पान पाहून यावे, त्यावरची तारीखही पाहावी.