गाडी उचलायची तर टेप लावून उचला

आज कापसाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण विषय शेतरस्त्याचाच आहे.

पुतण्याने संभाजीनगरातून जुनी छोटी कार घेतली. आधीच्या मालकाने तिला कॉइलओव्हर बसवून गाडी खाली घेतलेली. जालना रोडवर झकास दिसते. आमच्या पाणंदीत आली की दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा थेट ऑइल चेंबरला घासतो. दोनदा घासल्यावर त्याने ती एका गॅरेजवर नेली. तिथे टेप न लावता, आटे संपेपर्यंत गाडी वर करून दिली. दीड महिन्यात पुढचे टायर एका कडेने झिजले. खड्ड्यातून निघताना ‘ठक्क’ आवाज येतो. रात्री समोरचे लाइट मारून शिव्या घालतात, कारण आपला उजेड त्यांच्या डोळ्यात.

माझं मत सरळ आहे. उंची वाढवणं चूक नाही, अंदाजपंचे वाढवणं चूक आहे. पेरणी यंत्राचा दाता दोन बोटं खोल गेला तर उगवण जाते, म्हणून आपण बांधावर थांबून दाता लावतो. इथे तर घरची माणसं बसणार आहेत.

कॉइलओव्हर म्हणजे काही आकाशातून पडलेली वस्तू नाही. आपल्या मोटारसायकलचा मागचा शॉकअप बघा, शॉकअपभोवतीच स्प्रिंग. 45 किलोची युरियाची गोणी मागे टाकायची असली की आपण खाच वर करतो, तेच तत्त्व. असले दुचाकीचे शॉकअप आपल्या वाळूजमध्येच बनतात. कारमध्ये खाचेऐवजी आटे असतात आणि त्यावर फिरणारी वाटी.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ‘वाटी वर घेतली की स्प्रिंग कडक होते.’ नाही होत. समजा एका स्प्रिंगवर 300 किलो वजन आहे आणि 3 किलोला ती 1 मिमी दबते. म्हणजे ती 100 मिमी दबणार. वाटी 20 मिमी वर घेतली तरी वजन तेवढंच, म्हणून स्प्रिंग 100 मिमीच दबते. गाडी मात्र 20 मिमी वर बसते. त्या बदल्यात शॉकअप तेवढा उघडून राहतो आणि चाकाला खड्ड्यात खाली जायला 20 मिमी जागा कमी उरते. पुतण्याच्या गाडीचा ‘ठक्क’ तिथून येतो, शॉकअप पूर्ण उघडून शेवटाला आदळतो. काही कॉइलओव्हरमध्ये वाटी वेगळी आणि खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो. तसा असेल तर उंची ब्रॅकेटवर घ्या, शॉकअपची चाल शाबूत राहते. पण ब्रॅकेटमध्ये किती आटे राहायलाच हवेत ते कंपनीच्या कागदात बघा.

आम्ही परत केलं ते असं. सपाट फरशीवर गाडी उभी केली, चारही टायरची हवा सारखी केली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची चार मापं वहीत लिहिली. मग जॅकने उचलून स्टँड लावले. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, जीव जातो. आपली काळी माती आट्यांत वाळली की सिमेंट होते, तेव्हा आधी ब्रशने आटे साफ. नंतर लॉक रिंग ढिली करून हूक पान्याने वाटी फिरवली. एका वेळी 10 मिमी, म्हणजे साधारण तीन सूत. डावीकडे जेवढे फेरे तेवढेच उजवीकडे. खाली उतरवून दोन किलोमीटर फिरवली, स्प्रिंग बसल्यावर पुन्हा मोजली. बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळले. शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत खाली. या शेवटच्या दोन गोष्टी टाळल्या की वाचवलेले पैसे टायरात जातात.

कंपनीची मूळ उंची जेवढी, तेवढ्यावर थांबलो. त्याहून वर गेलं की वळणावर गाडी झुकते आणि एक्सलचा कोन बिघडतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर ठोकायचा उपायही मला पटत नाही. तो वेढा दबायचा बंद होतो आणि उरलेल्या स्प्रिंगवर भार येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलापासून गाडी वेगळी पडेल असा बदल चालत नाही. आरटीओ आणि विमावाल्यांना आधी विचारलेलं बरं, अपघात झाल्यावर नव्हे.

आता कोणी म्हणेल, मूळ उंचीवर आणूनही पावसाळ्यात गाडी अडकणारच. खरं आहे. गाडीच्या आट्यांना शेवट आहे, पाणंदीच्या चिखलाला नाही. म्हणून पुतण्याला सांगितलं, पुढचा खर्च गाडीवर नको. बांधावरच्या चार जणांना घे, मधला उंचवटा छाटा, चाकोऱ्यांत मुरूम टाका आणि पाण्याला कडेने चारी काढून द्या. गाडी वर केली तर एकाचीच निघते. रस्ता वर केला तर दुधाची गाडी, ट्रॅक्टर आणि अडल्या वेळी अॅम्ब्युलन्सही आत येते.

तोवर ज्याला गाडी उचलायचीच आहे त्याने उचलावी. फक्त टेप खिशात ठेवा.