शाप तांब्याचा कीं करारपत्राचा?

ज्या देशाच्या पोटांत खनिज संपत्ति, त्याच्या कपाळीं दारिद्र्य, असा एक सिद्धान्त अर्थपंडितांनीं रूढ केला आहे. त्यासाठीं झांबियाचें उदाहरण पुढें करण्यांत येतें. निर्यातीच्या उत्पन्नाचा सुमारें 70 टक्के भाग एकट्या तांब्याचा, आणि तरीहि 2020 सालीं सरकारला परदेशी कर्जाचे हप्ते थकवावे लागले! पण हा दोष भूमीच्या माथीं मारणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय.

या तांब्यावरील स्वामित्वधन 1964 पर्यंत ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या तिजोरींत जात होतें. पुढें खाणी सरकारच्या झाल्या. सरकारी कारभार ढिसाळ होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. भाव कोसळले, कर्ज वाढलें, आणि 2000 पर्यंत खाणी विकाव्या लागल्या. त्या वेळच्या करारांत मोठ्या कंपन्यांचें स्वामित्वधन अवघें 0.6 टक्के ठरलें. नंतर तांब्याचा भाव तिपटीहून अधिक चढला, तेव्हां लोणी कोणीं खाल्लें हें सांगावयास नको. 2008 मध्यें वाढीव नफ्यावर कर बसला. पुढच्याच वर्षीं तो उठला. काब्वेची शिशाची खाण 1994 सालीं बंद पडली. तेथील मुलांच्या रक्तांत शिसें मात्र अद्यापि सांपडतें.

शेजारच्या बोट्स्वानानें 1975 सालीं हिऱ्यांच्या कंपनींत निम्मा वाटा मिळविला, व त्या पैशांतून शाळा आणि रस्ते बांधले. हिऱ्यांची मागणी घटतांच तोहि आज अडचणींत आहे, हें खरें. परंतु मधल्या पिढ्या शिकल्या. म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्यांच्या पायांखालची भूमि खणावयाची, त्यांना कराराच्या अटी आधीं वाचावयास मिळाल्या पाहिजेत.