पहिली उंची झरणी

सुताराला रंधा, शिंप्याला सुई, विणकराला धोटा. तशी विद्यार्थ्याला लेखणी. प्रत्येक कारागीर आपले हत्यार पारखून घेतो, त्याची निगा राखतो आणि ते दुसऱ्याच्या हाती सहसा देत नाही. महाग हत्यार आणि चांगले हत्यार यांतला भेदही तो चांगला ओळखतो. विद्यार्थ्याने आपल्या हत्याराचा इतका विचार केलेला मात्र क्वचितच आढळतो.

मुलांनो, फाउंटन पेनाला आपल्या भाषेत 'झरणी' असा एक गोड शब्द आहे. शाई तिच्यातून आपोआप झरते, म्हणून ती झरणी. आज शंभर रुपयांच्या आत नीट लिहिणारी झरणी मिळते, आणि पन्नास हजारांच्या वर किंमत असलेली विलायती झरणीही मिळते. जून महिना उजाडला की सोलापूरच्या शुक्रवार पेठेत घरोघरी वह्यापुस्तकांबरोबर पेनांचीही बोलणी निघतात. एखादा तेरा वर्षांचा मुलगा वडिलांजवळ उंची पेनाचा हट्ट धरतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "लिहून फेकून द्यायच्या पेनाने काम भागते, ही चैन हवी कशाला?" दुसरा म्हणतो, "हौसेला मोल नसते, घेऊन टाका."

ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात. उंची झरणी बाळगण्यात गैर काहीच नाही. सुबक वस्तूची आवड हा मनाचा गुणच आहे. परंतु ती ओळखून घ्यावी, आपल्या श्रमाच्या पैशाने घ्यावी आणि लिहिण्यासाठी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे आता सविस्तर सांगतो.

लेखणी पारखून घेण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. निरनिराळ्या देशांचे बोरू आणावेत आणि त्यांतले घट्ट, बारीक व सरळ असतील ते निवडावेत, असा त्यांचा उपदेश आहे. अध्यात्माचा एवढा मोठा ग्रंथ सांगणाऱ्या संताला बोरूची निवड क्षुल्लक वाटली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तथापि बोरूच्या मोलाविषयी तेथे चर्चा नाही. चर्चा आहे ती त्याच्या घट्टपणाची आणि सरळपणाची. निवडीची ही रीत आजही तितकीच खरी आहे.

आता झरणीचे अंतरंग पाहू. बोरू आणि टाक दौतीत वरचेवर बुडवावे लागत. शाई पेनाच्या पोटातच साठवावी, ही कल्पना जुनी होती; परंतु शाई एक तर उतरत नसे, किंवा भळकन सांडत असे. न्यूयॉर्कच्या ल्युईस वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या रचनेचे एकस्व मिळवले, तिच्यामुळे ही अडचण बरीच दूर झाली. निबाखाली असलेल्या काळ्या पट्टीला आपण जीभ म्हणतो. तिच्यावर बारीक खाचा असतात. त्या खाचांतून शाई पुढे सरकते आणि तिची जागा घेण्यासाठी तितकीच हवा आत जाते. समईची वात तेल वर ओढते, किंवा टॉवेलचे टोक पाण्यात बुडाले असता पाणी आपोआप वर चढते, त्याच केशाकर्षणाच्या नियमाने निबाच्या चिरेतून शाई कागदापर्यंत येते. म्हणून निब, तिची चीर आणि जीभ यांचा मेळ ज्या पेनात नीट बसला, ते पेन चांगले. पेनाचा प्राण येथेच असतो. बाहेरचा डौल हा केवळ त्याचा पोशाख.

मग उंची पेनाचे पैसे कशाचे असतात? काही सोन्याचे असतात. उंची निब बहुधा १४ किंवा १८ कॅरट सोन्याची असते. शाईने सोने गंजत नाही, आणि सोन्याची निब हाताखाली थोडी लवते, हे तिचे गुण. शुद्ध सोने २४ कॅरटचे. ते फार मऊ, म्हणून त्यात इतर धातू मिसळतात. परंतु निबाचे जे टोक प्रत्यक्ष कागदाला घासते, ते सोन्याचे नसतेच. सोने तेथे लवकर झिजून जाईल. त्या टोकावर प्लॅटिनमच्या कुळातील एखाद्या अतिशय कठीण धातूच्या मिश्रणाचा बारीकसा मणी बसवलेला असतो, आणि तसाच मणी चांगल्या पोलादी निबेवरही असतो. काही पैसे हातकामाचे असतात: निब घासणे, तिची चीर जुळवणे, प्रत्येक पेन लिहून पाहणे. हे पैसे मला योग्य वाटतात. उरलेले पैसे मात्र नावाचे असतात. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या एका प्रसिद्ध कारखान्याच्या उंची पेनाच्या निबेवर ४८१० हा आकडा कोरलेला असतो. ती युरोपातील माँ ब्लाँ या पर्वताची मीटरमधील पूर्वापार मानलेली उंची आहे. आकडा मोठा खरा, परंतु त्याने आपल्या अक्षराची उंची एका केसानेही वाढत नाही.

नाव आणि गुण यांतला भेद समजून घ्यावयाचा असेल, तर महात्मा गांधींच्या नावाशी जोडलेल्या दोन झरण्यांची हकीकत ऐका.

पहिली हकीकत १९३५ सालची. आंध्रातील राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम हे कारागीर स्वदेशी झरण्या तयार करीत. त्यांनी घडवलेली एक झरणी अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे आली. या संघाचे ठाणे आपल्या वर्ध्यास होते. गांधीजींनी ती झरणी वापरून पाहिली, आणि मगच जुलै १९३५ मध्ये रत्नम यांना पत्र लिहून आभार मानले. बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांची जागा ही झरणी चांगल्या प्रकारे घेऊ शकेल, असा अभिप्राय त्यांनी दिला. त्या छोट्याशा पत्रात स्तुतीचा फुलोरा नाही; वापरून पाहिल्याचा उल्लेख मात्र आवर्जून आहे.

दुसरी हकीकत २००९ सालची. त्या वर्षी माँ ब्लाँ कंपनीने गांधीजींच्या नावाने एक मौल्यवान झरणी विक्रीस आणली. तिच्या सोन्याच्या निबेवर गांधीजींची आकृती कोरलेली होती आणि अंगावर सोन्याचा धागा गुंडाळलेला होता. दांडीयात्रा २४१ मैलांची, म्हणून अशा २४१ झरण्या काढल्या होत्या. एकेकीची किंमत ११ लाख रुपयांच्या वर होती! देशात अनेकांना हे रुचले नाही. प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेले, आणि २०१० मध्ये त्या झरणीची भारतातील विक्री थांबली.

त्या पेनाच्या कारागिरीला मी नावे ठेवीत नाही. घडवणाऱ्याचा हात कुशलच असणार. परंतु मूठभर मिठासाठी जो महात्मा चालत गेला, त्याच्या चालण्याचे मैल मोजून सोन्याच्या वस्तू विकाव्यात, यात औचित्य कोणते? पहिल्या झरणीला गांधीजींच्या हातून मान मिळाला. दुसरीने त्यांच्या नावातून मान घेतला. पहिली लिहिण्यासाठी होती, दुसरी बहुधा काचेच्या कपाटासाठी. मुलांनो, आपण पेन घेतो तेव्हा आपल्यालाही हाच प्रश्न स्वतःला विचारता येतो: हे मी कागदासाठी घेतो आहे की कपाटासाठी?

आता निवडीची रीत सांगतो. सोलापूरचा मनुष्य चादर कशी घेतो, ते पाहा. तो केवळ रंगावर भुलत नाही. चादर उलगडतो, दोन्ही बाजूंनी पाहतो, वीण चिमटीत धरतो, हातावर वजन तोलतो, कड उसवली नाही ना हे तपासतो, आणि मगच भावाला हात घालतो. झरणीचेही तसेच करावे. प्रथम ती हातात धरावी. टोपण मागे लावून आणि काढून, अशी दोन्ही प्रकारे धरावी. जड पेन पहिल्या ओळीला भारदस्त वाटते आणि तिसऱ्या पानाला बोटे दुखवते. मग दुकानदाराची परवानगी घेऊन निब शाईत बुडवावी आणि लिहून पाहावे. बरेच जण अशा वेळी नुसती सही करतात किंवा वेलांट्या काढतात. त्याने काही कळत नाही. आपल्या नित्याच्या अक्षरात चारपाच ओळी लिहाव्यात. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी बारीक चिन्हे पुष्कळ. जाड टोकाच्या निबेने ती एकमेकांत मिसळतात. ज्यांचे अक्षर लहान, त्यांनी बारीक टोकाची निब घ्यावी. जपानी बनावटीची बारीक निब युरोपीय बारीक निबेपेक्षा बहुधा अधिकच बारीक असते, हेही ध्यानात असू द्यावे. निब कागदाला खरखरते काय, मध्येच कोरडी पडते काय, टोपणाचे आटे नीट बसतात काय, हे पाहावे. शेवटी विचारावे, "निब बिघडली तर दुरुस्त कोण करील?" या प्रश्नाला ज्याच्याकडे नीट उत्तर नाही, त्याच्याकडून उंची पेन घेऊ नये.

पेनाइतकेच महत्त्व शाईला. मुंबईच्या दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या करण्याचा लहानसा उद्योग सुरू केला आणि त्यातूनच पुढे कॅम्लिन हे नाव घराघरांत पोहोचले. तुमच्या आजोबांच्या बोटांवरचे निळे डाग कदाचित याच शाईचे असतील. झरणीत झरणीचीच शाई घालावी. चित्रकलेची दाट शाई घातली तर जिभेच्या खाचा बुजतात, आणि मग हजारांचे पेन आणि दहा रुपयांचे पेन सारखेच मुके होतात.

आता किमतीचा प्रश्न. "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण तुम्ही पाठ केली आहे. पण अंथरूण मोजावयाचे कसे? माझ्या मते ते रुपयांत मोजू नये, श्रमांत मोजावे. आपल्या गावात हजारो माता घरी बसून विड्या वळतात. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. पाने कापावयाची, तंबाखू भरावयाचा, दोरा बांधावयाचा. असे हजार वेळा झाले, की एक हिशेब पुरा होतो. तुम्हांला आवडलेल्या पेनाच्या किमतीत असे किती हजार सामावतील, याचे गणित वहीत मांडून पाहा. हे गणित पेन घेऊ नका असे सांगत नाही. घेतलेल्या पेनाने काय लिहावयाचे, एवढे मात्र ते पक्के शिकवते. आणि जिच्या आईच्या बोटांना तंबाखूचा वास आहे, अशी मैत्रीण शेजारच्या बाकावर बसलेली असताना उंची पेन तिच्यापुढे नाचवण्याची बुद्धी मग होत नाही.

यास्तव माझे सांगणे असे. शाळेच्या वयात साधी झरणी घ्यावी आणि निदान दोन वर्षे तीच वापरावी. तिची निब धुवावी, तिला पडू देऊ नये, तिच्याने शुद्धलेखन आणि निबंध लिहावेत. तेवढ्यात आपला हात कसा आहे, आपल्याला काय मानवते, हे कळून येते. उंची झरणी पुढे आपल्या पहिल्या कमाईतून घ्यावी. कोणी म्हणेल, "आजोबा प्रेमाने देत असतील तर नाही म्हणावे काय?" मुळीच नाही. प्रेमाची भेट आदराने स्वीकारावी. परंतु ती कुलपात न ठेवता रोज तिच्याने लिहावे. देणाऱ्याला त्याहून मोठा आनंद नाही.

अखेरीस एक गोष्ट सांगतो. भारताच्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. त्यांचे साधन होते दौतीत बुडवून लिहावयाचा साधा टाक. त्याच संविधानाचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना उत्तम फाउंटन पेनांचा मोठा शौक होता. एकाच्या हाती साधी लेखणी, दुसऱ्याच्या हाती उंची. दोघांच्याही लेखणीला मोल चढले ते लिहिलेल्या शब्दांमुळे. लिखाण आरंभापासून अखेरपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी समर्थांची अपेक्षा होती. तेवढी सातत्याची सवय तुमच्या हाताला साध्या झरणीनेच लागू द्या. मग उंची झरणी केव्हाही घ्या; तुमच्या हाती ती खुशाल शोभेल.