पहारा खुराड्यापाशी हवा

डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. जानेवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेने त्यांच्या नमुन्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे सांगितले. गोंदियाने ही बातमी शेजारची म्हणून सोडून देऊ नये. इथे तलावांवर हिवाळी बदके, काठच्या गावांत गावरान कोंबड्या आणि पलीकडे नवेगाव-नागझिऱ्याचे वाघ आहेत. विषाणू पेशीत कसा शिरतो हे समजून घेतले, की यांपैकी पहारा कुठे बसवायचा ते कळते. माझ्या मते तो कोंबड्यांच्या खुराड्यापाशी हवा.

विषाणूवरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीवरच्या सियालिक आम्लाला चिकटते. हे आम्ल शेजारच्या शर्करेला कसे जोडलेले आहे, याला इथे महत्त्व आहे. पक्ष्यांच्या आतड्यांत एक प्रकारची जोडणी असते, माणसाच्या नाका-घशात प्रामुख्याने दुसरी. पक्ष्यांच्या विषाणूला पहिली मानवते, म्हणून तो माणसांत सहज पसरत नाही. मात्र तीच जोडणी आपल्या फुप्फुसांत खोलवर असते. विषाणू तिथवर पोचला तर आजार जिवावर बेततो. चिकटलेल्या विषाणूला पेशी पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीतली आम्लता वाढली की हिमॅग्लुटिनिनचा आकार बदलतो आणि विषाणूचा जनुकीय ऐवज पेशीत उतरतो. पण त्यासाठी हे प्रथिन आधी ठरावीक जागी कापले जावे लागते. सौम्य विषाणूंना ते कापणारी विकरे मुख्यतः श्वसनमार्गात व आतड्यांत मिळतात. एच५ आणि एच७ गटांत त्या जागेची रचना बदलली, तर शरीरात जवळपास सर्वत्र असलेले फ्युरिन ते काम करते आणि संसर्ग सगळ्या अवयवांत जातो. सौम्याचा घातक होण्याचा हा बदल प्रामुख्याने पाळीव कोंबड्यांत घडतो.

यावर कोणी म्हणेल, आता घातक विषाणूच रानपक्ष्यांबरोबर फिरतो. ते खरे आहे, म्हणून तलावावर मेलेले पक्षी तपासलेच पाहिजेत. पण बदके हुसकावली तर संसर्ग दुसऱ्या तलावावर जाईल आणि दुर्मीळ सारसांनाही त्रास होईल. दुसरा आक्षेप असा, की माणसाला धोका कमी, तर एवढी दगदग कशाला? कारण प्रत्येक संसर्गात विषाणूला बदलण्याची नवी संधी मिळते. शिवाय कोंबड्यांवर पोट असलेल्यांचे नुकसान तर आजचेच आहे. २००६मध्ये नवापूरला लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. नीट शिजवलेले मांस आणि अंडी खायला हरकत नाही, बंदिस्त वाघांना मात्र तपासलेलेच मांस द्यावे. सर्वांत महत्त्वाचे भरपाईचे. सरकार ती ठार केलेल्या कोंबड्यांची देते, आधी मेलेल्यांची नाही. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने मग मर कळवावी तरी कशासाठी? वेळेत कळवलेल्या मेलेल्या कोंबडीचेही पैसे मिळाले, तर विषाणूची पहिली खबर तिच्याकडूनच येईल.