सायलेन्सर बदलला, पुढे?

पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की पाणी पाहायला पवनीच्या रस्त्याने जत्रा लोटते. त्यात जुन्या बुलेटला मोकळा सायलेन्सर लावलेले वीर असतातच. तो नाद त्यांना गोड वाटतो. दुपारी ओसरीवर आडवे झालेल्या वडीलधाऱ्यांना काय वाटते, ते विचारू नये! आवाजाचा समाचार १९८८ चा मोटार वाहन कायदा घेईल. चिंता इंजिनाची आहे.

धूर मोकळा सुटला की सिलिंडरमध्ये हवा जास्त शिरते. कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक मात्र तेवढेच. पेट्रोल अपुरे पडते, इंजिन तापते, आणि थ्रॉटल सोडताच मागे फटाके वाजतात. अशा वेळी आधी सायलेन्सरचा सांधा पाहावा. तिथून हवा शिरली तरी हेच होते. सांधा धड असेल तर गाडी वेगात पळवून, इंजिन बंद करून, प्लग काढावा. कॉफीच्या रंगाचा निघाला तर कशालाही हात लावू नये. पांढराफटक असेल तर मुख्य जेट एक नंबर मोठे घालावे. मधल्या वेगात गाडी अडखळत असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे सुई वर येते. हवेचा स्क्रू शेवटी, इंजिन तापल्यावर. मग पुन्हा प्लग पाहावा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त झाले, एक पाऊल मागे यावे.